जपानीतला 'वा' : मुलांना मराठीतूनच समजावू या



गेल्या काही वर्षांत जपानी शिकणाऱ्या मुलांची संख्या आपल्याकडे वाढते आहे. पुण्यात ही भाषा शिकण्याची परंपरा जुनीच आहे, पण आता तालुक्याच्या गावातली मुलंही मोबाईलवर शिकताना दिसतात. २०२० मध्ये छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचं औरंगाबाद) जिल्ह्यातल्या गाडीवाट इथल्या जिल्हा परिषद शाळेतली मुलं जपानी शिकत असल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. पालक मला विचारतात, "बाई, आमच्या मुलाचं इंग्रजी कच्चं आहे, त्याला जपानी जमेल का?" हा प्रश्न ऐकला की मला जरा वाईट वाटतं. कारण बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ इंग्रजीतून जपानी शिकवतात. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला वाटतं की आधी इंग्रजीची पायरी चढायची आणि मगच जपानीचं दार लागतं. प्रत्यक्षात मराठीकडून जपानीकडे जाणारी वाट जास्त सरळ आहे. आजच्या लेखात मी एकच छोटा शब्द घेते आहे, 'वा'. जपानीच्या पहिल्याच पाठात तो भेटतो आणि पहिल्याच पाठात मुलं त्याचा चुकीचा अर्थ पाठ करून बसतात.

'वा' म्हणजे 'आहे' नव्हे

पहिलं वाक्य साधारण असं असतं:

वाताशि वा इन्दोजिन देसु.

वाताशि म्हणजे मी, इन्दोजिन म्हणजे भारतीय. आता इंग्रजीतून शिकलेलं मूल दुसऱ्या जागी क्रियापद शोधतं. तिथे त्याला 'वा' दिसतो, आणि ते वहीत लिहून टाकतं, वा = आहे. मग शेवटच्या 'देसु'चं काय करायचं हे त्याला कळत नाही. कुणीतरी सांगतं की ते आदरासाठी असतं. अर्धं खरं, अर्धं चूक, आणि पुढचे सहा महिने गोंधळ.

हेच वाक्य मराठीखाली ठेवून बघा. मी, भारतीय, आहे. वाताशि, इन्दोजिन, देसु. मराठीत क्रियापद शेवटी, जपानीतही शेवटी. 'आहे'च्या बरोबर खाली 'देसु' येतो (बोलताना तो 'देस्' असा ऐकू येतो). मग मध्ये उरला 'वा', आणि त्याच्यावर आपल्या वाक्यात काहीच शब्द नाही. मुलांना हे फळ्यावर दाखवलं की तीच विचारतात, "मग बाई, वा कशाला?" हाच प्रश्न आपल्याला हवा असतो.

विभक्तीच्या तक्त्यात तो बसत नाही

आपण मराठीचे शिक्षक असल्यामुळे आपला हात लगेच विभक्तीच्या तक्त्याकडे जातो. बऱ्याच बाबतीत ते बरोबरही ठरतं. जपानीत नामाच्या मागे छोटे शब्द लागतात, ते आपल्या प्रत्ययांसारखे. 'नो' म्हणजे चा-ची-चे (आणि लिंगवचनाची कटकट नाही, सगळीकडे 'नो'च). 'नि' बऱ्याचदा ला किंवा त. 'कारा' म्हणजे हून, पासून. कर्माला 'ओ'. कर्त्याला 'गा'. शिवाय सामान्यरूप नाही. आपल्याकडे घोडा, घोड्याला असं होतं. जपानीत 'उमा'चा उमाच राहतो, 'उमा नि'. पाचवीच्या मुलांना हे ऐकून हेवा वाटतो.

पण 'वा' या तक्त्यात घालायला गेलात की तो निसटतो. ही वाक्यं बघा:

वाताशि वा इन्दोजिन देसु. मी भारतीय आहे.
वाताशि वा नेको गा सुकि देसु. मला मांजर आवडतं.
वाताशि वा आतामा गा इताइ देसु. माझं डोकं दुखतंय.
वाताशि वा जिकान गा आरिमासेन. माझ्याकडे वेळ नाही.

जपानीत चारही ठिकाणी 'वाताशि वा'. मराठीत मात्र मी, मला, माझं, माझ्याकडे. एकाच गोष्टीला प्रथमा, चतुर्थी, षष्ठी कसं म्हणणार? म्हणजे 'वा' विभक्ती सांगतच नाही. तो सांगतो, "आता मी माझ्याबद्दल बोलतोय, ऐका." विषय मांडून ठेवतो. त्या विषयाचं पुढे काय, ते उरलेलं वाक्य सांगतं.

यातलं दुसरं वाक्य जरा थांबून बघण्यासारखं आहे. 'मला मांजर आवडतं' यात आवडतं हे क्रियापद मांजराप्रमाणे चालतं. कुत्रा असेल तर 'आवडतो' होईल. मांजर प्रथमेत आहे. जपानीतही मांजराला कर्माचा 'ओ' लागत नाही, 'गा' लागतो. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे पाठ करावं लागतं, कारण त्याच्या भाषेत मांजर हे कर्म आहे. आपल्या मुलाला पाठ करायची गरज नाही. 'मला समजतं' (वाकारिमासु) आणि 'मला येतं' (देकिमासु) यांचंही तसंच. मला पोहता येतं, वाताशि वा सुइएइ गा देकिमासु. मराठी बोलणारं मूल इथे दोन पावलं पुढे असतं, फक्त त्याला ते कुणी सांगितलेलं नसतं.

आधी 'मो', मग 'वा'

आता माझी पद्धत सांगते. पुस्तकं 'वा' आधी शिकवतात आणि 'मो' नंतर. मी उलट करते.

'मो' म्हणजे आपला 'ही'. मीही, वाताशि मो. हे मुलांना एका मिनिटात कळतं. आता मराठी व्याकरणातला एक धडा आठवा. च, ही, मात्र, देखील, पण यांना आपण शुद्ध शब्दयोगी अव्ययं म्हणतो, कारण ती शब्दाला लागली तरी शब्दाचं सामान्यरूप होत नाही, आणि प्रत्यय आधीच लागलेला असेल तर त्याच्याही मागे ती जाऊन बसतात. मित्र, मित्रही. मित्राला, मित्रालाही. पुण्यात, पुण्यातही.

जपानी 'मो' अगदी असाच वागतो. तोमोदाचि नि, मित्राला. तोमोदाचि नि मो, मित्रालाही. फरक एवढाच की 'गा' किंवा 'ओ' असेल तर ते जागा रिकामी करून देतात. साकाना ओ ताबेमासु, मासे खातो. साकाना मो ताबेमासु, मासेही खातो. इथे 'ओ मो' असं होत नाही.

हे पक्कं झालं की मुलांना सांगायचं, आता 'मो' उचला आणि त्याच खुर्चीवर 'वा' बसवा. नियम तेच. तोमोदाचि नि वा. साकाना वा. 'गा' आणि 'ओ' उठून जातात, 'नि' बसून राहतो. म्हणजे 'वा' हा ला-चा-त यांचा भाऊ नाही, तो च-ही-मात्र यांच्या घरातला आहे. एकदा घर कळलं की निम्मं काम झालं.

मग अर्थ काय? साकाना वा ताबेमासु. निकु वा ताबेमासेन. मासे खातो, मटण मात्र नाही. निकु म्हणजे मांस, पण आपल्या घरात हे वाक्य असंच बोललं जातं. 'मासे तर खातो', 'मटणाचं म्हणाल तर नाही', 'मटण मात्र नको'. तर, म्हणाल तर, मात्र, या तिन्हींचा वास 'वा'ला आहे. दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या की 'मात्र'चा वास जास्त येतो. एकच गोष्ट असेल तर नुसता विषय मांडला जातो आणि मराठीत भाषांतर करताना तिथे काहीच लिहावं लागत नाही. म्हणूनच पहिल्या वाक्यात 'वा'च्या वर आपल्याकडे शब्द नव्हता.

कावळ्याची गोष्ट

'वा' आणि 'गा' यांतला फरक जगभरच्या विद्यार्थ्यांना छळतो. जपानी भाषेच्या चाचणीत (तिच्या पाच पातळ्यांतली सगळ्यात सोपी एन-५) या छोट्या शब्दांच्या रिकाम्या जागा असतातच. मी व्याख्या सांगत नाही, तहानलेल्या कावळ्याची गोष्ट सांगते. ही वाक्यं मी वर्गासाठी बनवली आहेत, तुम्हीही वापरा.

मुकाशि, कारासु गा इमाशिता. पूर्वी एक कावळा होता.
कारासु वा नोदो गा कावाइते इमाशिता. तो कावळा तहानलेला होता (शब्दशः, कावळा तर, घसा कोरडा पडला होता).
कि नो शिता नि त्सुबो गा आरिमाशिता. झाडाखाली एक मडकं होतं.
त्सुबो वा ओओकिइ देशिता. ते मडकं मोठं होतं.

मुलांना विचारा, मराठीत पहिल्यांदा कावळा आला तेव्हा काय म्हटलं? 'एक कावळा'. दुसऱ्यांदा? 'तो कावळा'. मडकं पहिल्यांदा? 'एक मडकं'. नंतर? 'ते मडकं'. आता जपानीकडे बघा. 'एक'च्या जागी गा, 'तो-ते'च्या जागी वा. नवीन पात्र रंगमंचावर येतं ते 'गा' घेऊन. ओळख झाली की मग त्याच्याबद्दल बोलायला 'वा'. चौथीतलं मूलही हे पकडतं, कारण गोष्ट ऐकायची सवय त्याला आहेच.

आणि याच युक्तीतून आणखी एक नियम आपोआप मिळतो. कोण, काय, कोणतं अशा प्रश्नशब्दांना कर्त्याच्या जागी 'वा' कधीच लागत नाही. दारे गा किमाशिता का, कोण आलं? ज्याची ओळखच नाही त्याच्याबद्दल विषय कसा मांडणार? उत्तरही 'गा'नेच, सेन्सेइ गा किमाशिता, बाई आल्या. मराठीत आपण हे जोर देऊन करतो, "*बाई* आल्या." कधी 'च' लावतो. तानाका-सान वा सेन्सेइ देसु म्हणजे तानाका शिक्षक आहेत. तानाका-सान गा सेन्सेइ देसु म्हणजे शिक्षक कोण विचाराल तर तानाकाच. एका अक्षराने प्रश्नच बदलला.

हत्ती आणि वाम मासा

मिकामि आकिरा नावाचे एक जपानी व्याकरणकार होऊन गेले. शाळेत ते गणित शिकवायचे. १९६० मध्ये त्यांचं एक पुस्तक आलं, त्याचं नावच मुळी एक वाक्य आहे, 'झोओ वा हाना गा नागाइ' (झ झाडातला). झोओ हत्ती, हाना नाक म्हणजे इथे सोंड, नागाइ लांब. प्रश्न असा की या वाक्याचा कर्ता कोण, हत्ती की सोंड? पाश्चात्त्य व्याकरणाच्या चौकटीत बसवायला गेलं की दोन कर्ते होतात. मिकामि यांचं म्हणणं होतं की जपानीवर कर्त्याची ही कल्पना लादूच नये.

आपल्या वर्गातल्या मुलाला हे वाक्य बोलायला सांगा. ते म्हणेल, "बाई, हत्ती ना, त्याची सोंड लांब असते." झालं की! हत्ती विषय, सोंड लांब ही त्याच्याबद्दलची माहिती. लेखी मराठीत आपण 'हत्तीची सोंड लांब असते' असं इस्त्री करून लिहितो, पण बोलताना मूल आधी हत्ती समोर उभा करतं. जपानी भाषा हे लेखनातही करते एवढंच.

दुसरं प्रसिद्ध उदाहरण खानावळीतलं. बोकु वा उनागि दा. बोकु म्हणजे मी (मुलगे वापरतात ते), उनागि म्हणजे वाम मासा. 'वा = आहे' पाठ केलेला विद्यार्थी भाषांतर करणार, मी वाम मासा आहे! ओकुत्सु केइइचिरो या अभ्यासकांनी १९७८ मध्ये या एका वाक्याच्या नावाने आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याला मात्र त्यात नवल वाटायला नको. हॉटेलात चौघं बसलेत, वेटर उभा आहे, आपण काय म्हणतो? "मी मिसळ, हा वडापाव, आणि ती नुसता चहा." मिसळ झालेला माणूस कुणी पाहिलाय का? तरी वेटरला सगळं कळतं.

लिहितात 'हा', वाचतात 'वा'

हा भाग लेखनाचा. 'वा' या शब्दासाठी हिरागाना लिपीत जे अक्षर लिहितात ते एरवी 'हा' असं वाचतात. 'वा' ध्वनीसाठी वेगळं अक्षर उपलब्ध असूनही. मुलांना हा अन्याय वाटतो, आणि त्यांचं बरोबर आहे.

कारण इतिहासात आहे. जुन्या काळी शब्दांच्या मध्ये येणारं 'हा'चं अक्षर पुढे 'वा' असं उच्चारलं जाऊ लागलं, लेखन मात्र जुनंच राहिलं. नदीला कावा म्हणतात, पण ते लिहीत 'का-हा'. १९४६ मध्ये लेखन उच्चाराप्रमाणे सुधारलं, तेव्हा नदी 'का-वा' झाली. पण हे तीन छोटे शब्द, वा, ए आणि ओ, जुन्याच वेशात ठेवले. 'ए' (दिशा दाखवणारा) अजून 'हे'च्या अक्षराने लिहितात, आणि कर्माच्या 'ओ'साठी वेगळं अक्षर राखून ठेवलंय. आपल्याकडे 'सिंह' लिहून 'सिंव्ह' म्हणतोच ना आपण!

इथे पालकांना एक दिलासा देते. जपानमधली पहिलीतली मुलंसुद्धा हेच चुकतात. तिथल्या पहिलीच्या अभ्यासात 'चिकटणारे वा, ओ, ए' हा स्वतंत्र धडाच असतो, आणि शिक्षक मुलांकडून हे घोटून घेतात. मी मुलांना एक गंमत देते. हाहा वा हा गा इताइ. आईचा दात दुखतोय. हिरागानात लिहिलं तर सुरुवातीला एकच अक्षर चार वेळा येतं, आणि वाचायचं हा, हा, वा, हा. मुलं हसतात, आणि विसरत नाहीत.

कोन्निचिवा हा नमस्कार सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या शेवटचा 'वा' हाच, म्हणून तोही 'हा'च्या अक्षराने लिहायचा. कोन्निचि म्हणजे आजचा दिवस. 'आजचा दिवस तर...' असं अर्धं वाक्य, पुढची विचारपूस गळून गेली आणि एवढाच नमस्कार उरला. संध्याकाळच्या कोम्बान्वाचंही तेच. अशी अर्धी वाक्यं रोजच्या बोलण्यातही असतात. ओनामाए वा? म्हणजे 'आपलं नाव?' पुढचं 'काय' म्हणायची गरजच नाही.

वर्गात काय करून घ्यावं

तोडून वाचणं सगळ्यात महत्त्वाचं. मुलं 'वाताशि' म्हणून थांबतात आणि 'वा इन्दोजिन' एका दमात म्हणतात. 'वा' हा मागच्या शब्दाचा आहे, पुढच्याचा नाही. श्वास घ्यायचा तो 'वा'नंतर. जपानी शाळांत वाक्याचे तुकडे पाडायला शिकवताना प्रत्येक तुकड्यामागे 'ने' लावून बघतात. वाताशि वा ने, किनोओ ने, गाक्कोओ ए ने, इकिमाशिता. आता आपल्या पहिलीतल्या मुलाची तक्रार ऐका: "बाई, मी ना, काल ना, शाळेत ना, आलो होतो ना..." एरवी या 'ना-ना'ला आपण वैतागतो, पण वाक्य कुठे तोडायचं ते मुलाला न शिकवता येतंय याचा तो पुरावा आहे. जपानी वाक्य आधी 'ना' लावून वाचायला सांगा. मग 'ना' काढून टाका, थांबायच्या जागा तशाच राहतील.

दुसरं, 'वाताशि वा'चा मारा थांबवणं. स्वतःची ओळख लिहायला दिली की दहा वाक्यांत दहा वेळा 'वाताशि वा'. मराठी निबंधात प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला 'मी' आला तर आपण लाल पेनने खोडतो, इथेही खोडा. विषय एकदा मांडला की तो बदलेपर्यंत तोच चालू. एक अडचण मात्र सांगून ठेवा. मराठीत 'जातो, जातोस, जातात' यावरून माणूस कळतो. जपानीत 'इकिमासु' सगळ्यांना एकच. त्यामुळे आई, बाबा, दादा असा माणूस बदलला की नवीन 'वा' द्यायलाच हवा. नाहीतर आजीच शाळेत जायला लागते.

कार्डांचा खेळ घरीही होतो. एका रंगाच्या कार्डांवर नामं, दुसऱ्या रंगाच्या कार्डांवर गा, ओ, नि, नो, आणि तिसऱ्या रंगावर फक्त वा आणि मो. रंग वेगळे ठेवा, त्यातच व्याकरण आहे. 'साकाना ओ ताबेमासु' मांडा आणि मुलाला तिसऱ्या रंगाचं एक कार्ड द्या. 'ओ' उचलून बाजूला ठेवतो का बघा. मग 'गाक्कोओ नि इमासु' (शाळेत आहे) मांडा आणि तेच कार्ड द्या. इथे 'नि' उचलला तर काही बोलू नका, फक्त मराठीत 'शाळेतही' म्हणून दाखवायला सांगा. 'त' कुठे गेला का? नाही. मूल स्वतःच 'नि' परत ठेवतं.

पुढच्या लेखात 'नि' आणि 'दे' घेते. आपल्या 'शाळेत आहे' आणि 'शाळेत खेळतो' यांत 'त' एकच आहे, जपानीत मात्र दोन वेगळे शब्द लागतात. तिथे मराठी मुलाला खरंच थोडी मेहनत पडते.